झोकांडी दिसली की निकाल नको, तपासणी हवी

झोकांड्या खात चालणारा माणूस दिसला की आपल्या वस्तीत त्याचा निकाल लगेच लागतो. पुरुष असला तर "टाकून आलाय". बाई असली तर "बाहेरचं काहीतरी आहे". लेकरू असले तर "धांदरट आहे". म्हातारा असला तर "आता वयच झालं". चार माणसे, चार निकाल आणि तपासणी एकाचीही नाही.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या वस्त्यांत आरोग्याचे काम करणाऱ्या बायका. आमच्यातल्या काहींनी नर्सिंगचा डिप्लोमा करून वर्षानुवर्षे वॉर्डात रात्रपाळ्या काढल्या आहेत. आता आम्ही घरोघरी फिरतो. आमचे म्हणणे सरळ आहे : तोल जाणे हे लक्षण आहे, आणि लक्षणामागे कारण असते. ते कारण पुष्कळदा डोक्याच्या मागच्या भागात, लहान मेंदूत असते. तो भाग जिवंत माणसात पाहता येण्याची सोय गेल्या पन्नास वर्षांत झाली आहे. त्या सोयीवर आपल्या वस्तीचाही हक्क आहे. पण यंत्राच्या आधी डोळ्यांनी आणि हातांनी तपासणी झाली पाहिजे, आणि यंत्राने काढलेल्या फोटोचा अर्थ आपल्याला आपल्या भाषेत कळला पाहिजे. आजचे पान यासाठी.

लहान मेंदूचे काम

हात मानेवरून वर न्या. मान संपून कवटीचे हाड जिथे लागते, त्याच्या आत लहान मेंदू बसलेला आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा. पण माणसाच्या मेंदूत ज्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत. ही मोजणी ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे नाव लहान असले तरी कारभार लहान नाही.

हा कारभार कसला? भाकरी थापणारी बाई बघा. दोन्ही हात एका लयीत फिरतात. कुठे दाबायचे, कुठे हलके धरायचे, हे ती मोजत बसत नाही. कोयता चालवणारा गडी बघा. ऊस बुडाशी कापायचा आणि पायाला लागू द्यायचा नाही, हे त्याच्या अंगात बसलेले असते. "हात उचल" असा हुकूम मोठा मेंदू देतो. हात किती पुढे न्यायचा, किती जोराने आणि कुठे थांबवायचा, हे जुळवून आणण्याचे काम लहान मेंदूचे. डोळे स्थिर ठेवणे, जीभ नीट वळवणे, चालताना तोल सांभाळणे हेही त्याच्याकडेच.

म्हणूनच लहान मेंदू बिघडला की एक विचित्र गोष्ट होते. हातापायातली ताकद शाबूत राहते. मूठ घट्ट आवळता येते, वजन उचलता येते, पण पाणी पिताना पेला तोंडाशी येईपर्यंत हात डुलतो. पाय फाकवून चालावे लागते. जीभ जड होते, शब्द तुटक येतात. ताकद आहे म्हणून घरचे म्हणतात, "ढोंग करतो." मालक म्हणतो, "पिऊन येतो." रोग्याला स्वतःलाही कळत नाही की आपल्याला झाले काय. लकवा मारलेल्या माणसाची लोक कीव तरी करतात. लहान मेंदूच्या रोग्याच्या वाट्याला टोमणे येतात.

यंत्र नव्हते तेव्हाची गोष्ट

लहान मेंदूची लक्षणे नीट लिहून काढली गेली ती पहिल्या महायुद्धात. गॉर्डन होम्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर फ्रान्समधल्या युद्धाच्या दवाखान्यात काम करत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी किंवा तुकडा लागलेले सैनिक त्यांच्यासमोर येत. होम्सनी त्यांना नाकाला बोट लावायला सांगितले, टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून फिरवायला सांगितली, हात भराभर उलटसुलट करायला सांगितले आणि १९१७ मध्ये ते सारे लिहून प्रसिद्ध केले. जखम ज्या बाजूच्या लहान मेंदूत, त्याच बाजूचे हातपाय बेताल होतात हेही त्यांनी नोंदवले. मोठ्या मेंदूचे याच्या उलट असते.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती आपल्या लोकांना माहीतच नाही. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया हे मेंदूविकाराचे डॉक्टर. त्यांच्याकडे अशी कुटुंबे येत, ज्यांत आई किंवा बाप, मग मुले, मग नातवंडे अशी पिढ्यान् पिढ्या तोल जाण्याची व्याधी होती. वाडियांनी या रोग्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. आपण इकडून तिकडे पाहतो तेव्हा बुबुळे पटकन उडी मारतात. या रोग्यांची बुबुळे हळूहळू सरकत होती. अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये जगापुढे मांडला. तेव्हा मेंदूचा स्कॅन कोणत्याही दवाखान्यात नव्हता. हा शोध नुसत्या निरीक्षणातून लागला.

पुढे १९९६ मध्ये या आजाराच्या एका प्रकाराचे जनुक सापडले. त्याला डॉक्टर एससीए-२ म्हणतात. १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी करून दाखवले की मंद डोळ्यांची ती खूण याच आजाराकडे बोट दाखवते. मुंबईत डोळ्यांनी टिपलेले निदान पंचवीस वर्षांनी प्रयोगशाळेत पक्के झाले.

ही गोष्ट आम्ही यासाठी सांगतो की आपल्याकडे आता उलटा प्रकार चालला आहे. रोगी दारातून आत येतो, कोणी त्याला चालायला लावत नाही, नाकाला बोट लावायला सांगत नाही, आणि कागदावर लिहून मिळते : "एमआरआय करून आणा." गरीब माणूस काही हजारांचा खर्च मुकादमाच्या उचलीतून किंवा बचतगटाच्या कर्जातून करतो. तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. ती आधी झाली तर कोणता फोटो काढायचा, कशासाठी काढायचा आणि काढायची गरज आहे की नाही, हे ठरवता येते.

यंत्राने काय दाखवले

यंत्राविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. यंत्राने जे दाखवले ते मोठेच आहे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या एका रुग्णालयात जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. ते यंत्र बनवणारे गॉडफ्रे हौन्सफील्ड यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले. सीटीत एक्स-रे चहूबाजूंनी फिरवतात आणि संगणक त्यावरून भाकरीच्या चवडीसारखे एकेक काप दाखवतो. त्यानंतर एमआरआय आले. त्यात एक्स-रे नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या कणांकडून माहिती घेतात. या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. मेंदूचा जो भाग काम करतो तिथल्या रक्तातला प्राणवायू बदलतो. तो बदल टिपणारा एमआरआय १९९० नंतर आला. त्यामुळे माणूस बोट हलवतो, शब्द शोधतो, गणित करतो, तेव्हा मेंदूत कुठे काम चालू आहे हे बघता येऊ लागले.

तेव्हा एक जुनी समजूत मोडली. डॉक्टर समजत होते की लहान मेंदूचे काम फक्त हालचालीचे. पण १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अभ्यासात लोकांना एखादी वस्तू सांगून तिच्याशी जुळणारे क्रियापद शोधायला लावले, तर लहान मेंदूचा उजवा भागही कामाला लागलेला दिसला. १९९८ मध्ये जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शेरमन यांनी लहान मेंदूला इजा झालेल्या रोग्यांचा अभ्यास मांडला. काहींना कामाची आखणी करणे जड जात होते, काहींना शब्द सुचत नव्हते, काहींचा राग-लोभ ताब्यात राहत नव्हता. घरातला माणूस चालताना डगमगतो आणि हल्ली चिडतोही, विसरतोही, तेव्हा त्याला "डोकं फिरलंय" म्हणण्याआधी हे आठवावे. दोन्हींचे मूळ एकच असू शकते.

लहान मेंदू घड्या घालून ठेवलेल्या लुगड्यासारखा आहे. घड्या इतक्या बारीक की साध्या स्कॅनमध्ये त्या मोकळ्या दिसत नाहीत. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी फार बारकाईने एका लहान मेंदूचे एमआरआय काढून संगणकावर त्या घड्या उलगडल्या. त्याचा पसारा मोठ्या मेंदूच्या वरच्या थराच्या पसाऱ्याच्या जवळजवळ ८० टक्के भरला. एवढा मोठा पसारा नुसता तोल सांभाळायला नसणार, हे आता मान्य झाले आहे.

"सीटी नॉर्मल" हा शेवटचा शब्द नव्हे

आता सगळ्यांत कामाचा मुद्दा. अचानक भोवंड येऊन उलट्या सुरू झाल्या, उभे राहता येईना, बोलणे जड झाले, तर ते पित्त असू शकते, कानाचा आजार असू शकतो, तसाच लहान मेंदूतला झटकाही असू शकतो. म्हणजे तिथली रक्तवाहिनी बंद पडणे किंवा फुटणे. तोंड वाकडे होत नाही, हात लुळा पडत नाही, म्हणून लोक लकवा समजत नाहीत. सलाइन आणि उलटीचे इंजेक्शन देऊन घरी पाठवलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

अशा रोग्याचा सीटी काढतात. ताजा रक्तस्राव सीटीत चटकन दिसतो, म्हणून सीटी आधी काढणे बरोबरच आहे. पण रक्तवाहिनी बंद पडलेली असेल तर सुरुवातीच्या तासांत सीटी पुष्कळदा कोरा येतो. त्यात लहान मेंदूभोवती कवटीचे हाड फार जाड. त्या हाडामुळे फोटोत आडव्या रेघा उमटतात आणि नेमका हाच भाग झाकला जातो. डिफ्यूजन नावाचा एमआरआयचा प्रकार अशा वेळी जास्त चांगले दाखवतो. तोही पहिल्या दिवशी कधी कधी चुकतो. म्हणून फोटो कोरा आला तरी रोग्याला उभे राहता येत नसेल तर त्याला घरी नेऊ नये. लहान मेंदू अरुंद जागेत आहे. झटक्यानंतर दोन-चार दिवसांत तिथे सूज वाढली तर श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या भागावर दाब येतो, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचतो.

तेव्हा हे घरात सगळ्यांनी पाठ करावे. अचानक तोल गेला, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, कधी नव्हे इतके डोके दुखले, तर वेळ घड्याळात बघा आणि १०८ला फोन करा. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. अंगारा, लिंबू, पाण्याचा शिपका यात तो वेळ घालवू नका. रक्तदाब, साखर आणि तंबाखू ही या झटक्याची नेहमीची कारणे. कारखान्यावर सहा महिने ऊस तोडायला जाणाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथे तुटतात. निघताना गोळ्यांची सोय करूनच निघा.

कारण सापडले तर उपाय आहे

"मेंदूचा आजार म्हणजे संपले" असे समजू नका. लहान मेंदू बिघडवणारी कित्येक कारणे थांबवता येतात.

फिटच्या गोळ्या : फेनिटोइन ही फिटवरची जुनी, स्वस्त आणि चांगली गोळी. पण तिचे प्रमाण रक्तात ठरावीक मर्यादेतच राहावे लागते. डोस थोडा वाढवला तरी रक्तातले प्रमाण एकदम चढू शकते. मग डोळे थरथरतात, चाल बिघडते, बोलणे जड होते. वर्षानुवर्षे असे राहिले तर एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसतो. वर्षानुवर्षे एकाच चिठ्ठीवर गोळी घेणारा कोणी घरात असेल तर डॉक्टरांकडे रक्तातल्या औषधाच्या तपासणीचा विषय काढा. गोळी मनाने बंद करू नका. एकदम बंद केल्यास फिट येतात.

दारू : होय, दारूनेही लहान मेंदू झिजतो, विशेषतः मधला वरचा भाग. म्हणून हातांपेक्षा पाय जास्त बेताल होतात, आणि माणूस न पितासुद्धा पिल्यासारखा चालतो. दारू सोडली आणि आहार सुधारला तर काही जणांची चाल बऱ्यापैकी सुधारते. पिणाऱ्याने जेवण सोडलेले असेल, डोळ्यांची हालचाल बिघडली असेल आणि तो गोंधळल्यासारखा वागत असेल, तर बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन तातडीने लागते. त्यासाठी स्कॅनची वाट बघायची नसते, आणि ग्लुकोजची बाटली लावायची झाली तर हे इंजेक्शन आधी द्यायचे असते. म्हणजे "दारुडा आहे" हा निकाल खरा निघाला तरी उपचाराचा हक्क संपत नाही.

लेकरांतली गाठ : मुलांच्या मेंदूतल्या गाठींचा मोठा हिस्सा मागच्या भागातच असतो. सकाळी उठताच डोके दुखणे आणि उलटी, मग दिवसभर बरे वाटणे, हळूहळू चाल बिघडणे, ही खूण. जंताच्या औषधात आणि चष्म्याच्या नंबरात महिने जातात. अशा लेकराला स्कॅन लागतोच. याउलट, कांजिण्या किंवा ताप येऊन गेल्यावर काही दिवसांनी लेकरू एकाएकी डगमगू लागले, तर बहुधा काही आठवड्यांत ते बरे होते. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, शेजारणीने नव्हे.

याशिवाय थायरॉइड, क्षयाची मेंदूतली गाठ, काही जीवनसत्त्वांची कमतरता अशीही कारणे आहेत आणि त्यांवर औषध आहे. जे आजार घराण्यात चालत येतात त्यांना पूर्ण बरे करणारे औषध आज हाती नाही. पण व्यायाम, तोल सांभाळण्याचे शिक्षण आणि गिळण्या-बोलण्याची मदत यांनी माणूस जास्त वर्षे आपल्या पायावर राहतो.

घरच्या घरी पाच मिनिटांची पाहणी

हे निदान नव्हे, दवाखान्यात कधी जायचे ते ठरवण्यापुरते आहे. तुमच्या बोटाला आणि मग स्वतःच्या नाकाला आलटून-पालटून बोट लावायला सांगा. एका तळहातावर दुसरा हात भराभर उलटसुलट आपटायला सांगा. निजवून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरळ फिरवायला सांगा. टाचेला चवडा लावून दहा पावले चालायला सांगा, आणि शेजारी उभे राहा म्हणजे पडणार नाही. डोळे उघडे असताना नीट उभा राहतो पण मिटताच पडतो, तर बिघाड बहुधा लहान मेंदूत नसून पायांच्या नसांत किंवा मणक्यातल्या दोरीत असतो. बी-१२ कमी असल्यानेही तसे होते. डोळे उघडे असतानाही डुलत असेल तर लहान मेंदूचा संशय. जे दिसले ते तारखेसह वहीत लिहा. मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

एमआरआयला जाताना

एमआरआयचे चुंबक कायम चालू असते. मंगळसूत्र, जोडवी, सेफ्टी पिन, केसांच्या पिना, मोबाइल सगळे बाहेर ठेवा. छातीत पेसमेकर असेल, शस्त्रक्रियेत धातू बसवलेला असेल, तर आधी सांगा. आणि एक गोष्ट खास जालन्यासाठी. आपल्या एमआयडीसीत स्टीलच्या मिलमध्ये, ग्राइंडिंगवर, वेल्डिंगवर काम केलेले शेकडो लोक आपल्या वस्त्यांत आहेत. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तो चुंबकाने हलून डोळ्याला इजा होऊ शकते. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून खात्री करतात. फॉर्मवर सही करण्यापूर्वी हे तोंडाने सांगा, कारण फॉर्म पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि कोणी वाचून दाखवत नाही. शिरेतून औषध सोडून फोटो काढायचा असेल तर किडनीचा आजार आहे का ते सांगा. गरोदर असाल तर सांगा. आत साधारण अर्धा तास निश्चल पडावे लागते आणि मोठा ठोकल्यासारखा आवाज येतो. घाबरू नका, हातात घंटी देतात.

पैशांबाबत : १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत, तिथे नियम वेगळे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या आजारासाठी भरती झालात तर त्या उपचाराच्या तपासण्या पॅकेजमध्येच धरलेल्या असतात. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि पैसे मागितले तर पावती मागा.

अभ्यास आमच्या डोक्याचा, फायदा कुणाचा?

मेंदूच्या स्कॅनवर जगभर अभ्यास चालतात. त्यासाठी एक नमुना-नकाशा लागतो, ज्याच्याशी प्रत्येकाचा मेंदू ताडून बघतात. हे नकाशे बरीच वर्षे पाश्चात्त्य लोकांच्या मेंदूवरून बनवलेले होते. २०१९ मध्ये हैदराबादच्या आयआयआयटीने १०० भारतीयांच्या एमआरआयवरून वेगळा नकाशा तयार केला, कारण आपल्या लोकांचे माप त्या नमुन्याशी तंतोतंत जुळत नाही. हे काम चांगले झाले. पण भारतीय म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. कुपोषणात वाढलेले लेकरू, वीस वर्षे ऊस तोडलेली बाई, भट्टीसमोर उभा राहिलेला कामगार, यांचे मेंदू अशा नकाशांत असायला हवेत. नाहीतर "नॉर्मल" म्हणजे काय हे आपल्याला वगळून ठरेल.

म्हणून अभ्यासात भाग घ्यायला आम्ही नको म्हणत नाही. पण अटी आपल्या असाव्यात. कागद मराठीत वाचून दाखवला पाहिजे. "नाही" म्हटल्याने उपचार बंद होता कामा नये. स्कॅनमध्ये काही दिसले तर ते आधी आपल्याला सांगितले पाहिजे. घराण्यात चालणाऱ्या आजारांत तर जास्त जपावे लागते. एससीए-१, एससीए-२ यांसारख्या आजारांत जनुक असलेल्या माणसाला लक्षणे येण्यापूर्वीच मेंदूच्या मागच्या भागांत बदल दिसू लागतात, असे युरोपातल्या अभ्यासात आढळले आहे. आई किंवा बापाला असा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. आधी कळणे काहींना हवे असेल, काहींना नको असेल. ते ज्याचे त्याने ठरवावे. सासरच्यांनी, सोयरिकीच्या मध्यस्थाने किंवा मालकाने नव्हे. तपासणीपूर्वी आणि नंतर समुपदेशन हा हक्क आहे. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत अशा तपासण्या होतात.

आमच्या मागण्या

९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. इतकी वर्षे गंभीर रोगी म्हटला की साठ किलोमीटरवरची घाटी हाच आपला रस्ता होता. आता आपल्या जिल्ह्यात महाविद्यालय आले आहे, तर तिथून काय हवे हे आपणच मागितले पाहिजे.

एक, जिल्ह्यातल्या सर्व आठ तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तोल जाणाऱ्या प्रत्येक रोग्याची चाल, डोळे आणि बोट-नाक तपासणी होऊन केसपेपरवर लिहिली जावी. आशाताईंना त्याचे शिक्षण मिळावे.

दोन, जालन्याच्या सरकारी रुग्णालयात एमआरआय आणि तो वाचणारा डॉक्टर दोन्ही असावेत, आणि यंत्र बंद पडले तर बाहेरचा खर्च रोग्यावर पडू नये. रिपोर्टसोबत दोन ओळी मराठीत असाव्यात : काय दिसले आणि पुढे काय करायचे.

तीन, फेनिटोइन घेणाऱ्या रोग्यांची रक्तातल्या औषधाची तपासणी जिल्ह्यातच व्हावी.

चार, लहान मेंदूच्या कायमच्या आजारात दिव्यांग प्रमाणपत्र देताना टाळाटाळ होऊ नये. २०१६च्या कायद्यात चेतासंस्थेचे दीर्घकालीन आजार धरलेले आहेत. हातापायात ताकद आहे म्हणून रोग्याला परत पाठवणे चूक आहे. त्या प्रमाणपत्रावर निराधार अनुदानासारख्या योजनांची दारे अवलंबून असतात.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. येत्या महिन्यात प्रत्येक विहाराच्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास या पानाला द्या. एकाने मोठ्याने वाचावे. वस्तीत ज्यांची चाल बिघडली आहे, ज्यांना वर्षानुवर्षे फिटची गोळी चालू आहे, ज्या लेकराला सकाळी उलट्या होतात, त्यांची यादी करा. मग दोन माणसे बरोबर जाऊन त्यांना दवाखान्यात दाखवून आणा. एकटा गेलेला गरीब रोगी ओपीडीच्या रांगेतून न तपासता परत येतो. सोबत दोन शिकलेली पोरे असली, हातात वही असली, की तपासणी होते. हे आम्ही वॉर्डाच्या आतूनही पाहिले आहे आणि बाहेरूनही.

जय भीम.